धावण्याचा उत्साह तिसऱ्या आठवड्यातच का मावळतो? सवय टिकवण्याचं आणि वनस्पतीआधारित आहाराचं गणित

पहाटे साडेपाचचा गजर. पहिल्या आठवड्यात तो वाजायच्या आधीच जाग येते. दुसऱ्या आठवड्यात तो दोनदा पुढे ढकलला जातो आणि तिसऱ्या आठवड्यात गजर लावणंच बंद होतं. नवे बूट चपलांच्या स्टँडवर धूळ खात पडतात. मोठ्या हौसेने आणलेलं टोफू फ्रीजमध्ये खराब होतं. मग 'आपल्यात इच्छाशक्तीच नाही' असा निकाल माणूस स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो.

हा निकाल बऱ्याचदा चुकीचा असतो. धावणं सुटण्यामागे साधारणपणे तीन साधी कारणं सापडतात: सुरुवातीचा वेग झेपणारा नसतो, 'कधी आणि कुठे' हे नक्की ठरलेलं नसतं आणि खाणं कमी पडत असतं. त्यातही ज्यांनी धावणं आणि आहारबदल एकाच दिवशी सुरू केला आहे, त्यांना जो आळस वाटतो तो अनेकदा थकवा असतो. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. त्या कशा, ते समजून घेऊ.

21 दिवसांत सवय लागते, हे खरं आहे का?

सोशल मीडियावर '21 दिवसांचं चॅलेंज' कायम फिरत असतं. या आकड्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात असल्याचं मानलं जातं. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' हा शब्द गळून पडला आणि सगळ्याच सवयींना 21 दिवसांचा हिशेब चिकटला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी यावर प्रत्यक्ष अभ्यास केला. त्यांचा शोधनिबंध 2010 साली छापून आला. 96 जणांनी प्रत्येकी एक नवी सवय निवडली. कुणी दुपारच्या जेवणासोबत फळ खायचं ठरवलं, तर कुणी रात्रीच्या जेवणाआधी 15 मिनिटं धावायचं. ती गोष्ट फारसा विचार न करता आपोआप घडू लागायला किती दिवस लागतात, हे पाहिलं गेलं. उत्तर आलं सरासरी 66 दिवस. माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता, 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. व्यायामाच्या सवयींना खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला.

यातला दुसरा निष्कर्ष जास्त दिलासा देणारा आहे. एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यावर त्याचा लक्षात येण्याजोगा परिणाम झाला नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात धावणं जड वाटणं हे अपयश नाही. त्या वेळी बहुतेकांची सवय अजून तयार होत असते.

'उद्यापासून धावणार' एवढं ठरवणं का पुरत नाही?

कारण या वाक्यात वेळ नाही, जागा नाही आणि किती धावायचं तेही नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा मोघम संकल्पांवर बरंच काम केलं आहे. त्यांच्या मांडणीनुसार संकल्प 'अमुक झालं की तमुक करायचं' या स्वरूपात ठरवला, तर तो पार पडण्याची शक्यता वाढते. 'सोमवार, बुधवार आणि शनिवार, दात घासून झाले की बूट घालायचे आणि सोसायटीच्या गेटबाहेर पडायचं' असं ठरलं की सकाळी अंथरुणात पडून 'जाऊ की नको' याचा खल करावा लागत नाही. बूट, मोजे आणि कपडे रात्रीच काढून ठेवले, तर सकाळची आणखी एक सबब कमी होते.

आवडीची गोष्ट व्यायामाला जोडणं हाही एक उपाय आहे. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या कॅटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना रंजक कादंबऱ्यांची ऑडिओबुक्स दिली, पण ती फक्त जिममध्येच ऐकता येतील अशी सोय केली. सुरुवातीला ही मंडळी इतरांपेक्षा बरीच जास्त वेळा जिमला गेली. पुढे मात्र हा फरक कमी होत गेला आणि नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर तो जवळपास उरला नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट गणपती आणि दिवाळीत घडते. त्यामुळे आवडता पॉडकास्ट फक्त धावतानाच ऐकायचा, ही युक्ती जरूर वापरावी, पण मोठ्या सणानंतर ती नव्याने सुरू करावी लागेल हे गृहीत धरावं. त्यासाठी मुहूर्तही शोधता येतो. नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवस अशा दिवशी लोक नवे संकल्प करायला जास्त तयार असतात, हे मिल्कमन यांच्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे 1 जानेवारी हुकली तर पुढचा सोमवार आहेच.

सुरुवात किती आणि किती वेगाने करावी?

वाटतं त्यापेक्षा बरीच कमी आणि बरीच हळू. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने 1996 साली अगदी नवख्यांसाठी 'काऊच टू फाइव्ह के' हा कार्यक्रम तयार केला. आज तो जगभर वापरला जातो. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस अशी त्याची आखणी आहे. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग 60 सेकंद हळू धावायचं आणि 90 सेकंद चालायचं, असं आलटून पालटून 20 मिनिटं. नवव्या आठवड्याच्या अखेरीस न थांबता सुमारे अर्धा तास धावता यावं, असं उद्दिष्ट असतं. यातले चालण्याचे टप्पे हे मुद्दाम योजलेले असतात, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

वेग तपासायला घड्याळ लागत नाही. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल, तर वेग बरोबर आहे. एकेक शब्दावर दम लागत असेल, तर वेग कमी करावा किंवा चालावं.

हळू सुरुवात करण्यामागे शरीरशास्त्राचं कारण आहे. हृदय आणि श्वसन काही आठवड्यांतच सुधारू लागतात. हाडं, अस्थिबंध आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे यांना मात्र नव्या भारासाठी तयार व्हायला काही महिने लागतात. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दम टिकू लागतो, उत्साहाच्या भरात अंतर वाढवलं जातं आणि नेमक्या त्याच वेळी नडगी किंवा गुडघा दुखायला लागतो.

थोडं धावून उपयोग काय, असा प्रश्न पडू शकतो. अमेरिकेत 55 हजारांहून अधिक प्रौढांचा सरासरी 15 वर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. रोज पाच ते दहा मिनिटं, तेही हळू धावणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न धावणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळला. हा निरीक्षणावर आधारित अभ्यास असल्याने सगळं श्रेय धावण्यालाच देता येत नाही. तरी 'तासभर जमणार नसेल तर कशाला जायचं' या सबबीला त्यातून उत्तर मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. आठवड्याला तीन दिवस 25 मिनिटांचं धावणं या किमान मर्यादेपर्यंत पोहोचतं.

वनस्पतीआधारित आहार म्हणजे नेमकं काय?

शाकाहार, व्हिगन आणि वनस्पतीआधारित आहार हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांच्यात फरक आहे. आपल्याकडच्या शाकाहारात दूध, दही, ताक आणि तूप चालतं. व्हिगन आहारात प्राण्यांपासून मिळणारं काहीच चालत नाही, अगदी मधही नाही. 'व्हिगन' हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये तयार झाला. वनस्पतीआधारित आहारात धान्यं, डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं, शेंगदाणे आणि तीळ यांचा वाटा मोठा असतो. काही जण त्यात थोडं दूध-दही ठेवतात, काही जण ठेवत नाहीत.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. वडापाव, फरसाण, साखरेचं सरबत आणि मैद्याची खारी हेही वनस्पतींपासूनच बनतं. त्यामुळे ताटातून काय काढलं यापेक्षा त्या जागी काय आलं, याला जास्त महत्त्व आहे.

अशा आहारावर धावता येतं का? अमेरिकेचा स्कॉट जुरेक हा व्हिगन धावपटू. त्याने 100 मैलांची वेस्टर्न स्टेट्स ही शर्यत 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षं जिंकली. पंजाबमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले फौजा सिंग शाकाहारी होते. त्यांनी वयाच्या 89 व्या वर्षी, 2000 साली लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेनेही 2016 सालच्या भूमिकेत म्हटलं होतं की, नीट आखलेला शाकाहारी किंवा व्हिगन आहार खेळाडूंसाठीही योग्य असतो. 'नीट आखलेला' हे दोन शब्द इथे कळीचे आहेत.

आहार टिकवण्याच्या दृष्टीने 2023 सालचा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक प्रयोगही बोलका आहे. एकसारख्या जुळ्यांच्या 22 जोड्यांपैकी एकाला आठ आठवडे व्हिगन आणि दुसऱ्याला मिश्र आहार दिला गेला. व्हिगन गटात एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल जास्त कमी झालं. मात्र आहाराबद्दलचं समाधान त्यांच्यात कमी होतं. म्हणजे आहार कितीही आरोग्यदायी असला, तरी तो जिभेला रुचला नाही तर टिकणं अवघड. या बाबतीत मराठी स्वयंपाकघर नशीबवान आहे. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, थालीपीठ, डाळिंब्या, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी हे सगळं आधीपासूनच वनस्पतीआधारित आहे. त्यासाठी महागडं बदामाचं दूध किंवा परदेशी बिया आणायची गरज नाही.

धावणाऱ्याच्या ताटात काय कमी पडतं?

पुरेसं अन्न: नव्याने धावणारे अनेक जण त्याच वेळी वजन घटवायलाही निघालेले असतात. भात बंद, पोळी अर्धी आणि वर रोजचं धावणं. हा मेळ फार दिवस बसत नाही. पाय जड होतात, चिडचिड होते, झोप बिघडते. धावण्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः पिष्टमय पदार्थांतून येते. त्यामुळे ज्वारी, बाजरी, नाचणी, भात आणि पोळी यांना ताटाबाहेर काढू नये.

प्रथिनं: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 सालच्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या व्यक्तीला हे सुमारे 50 ग्रॅम होतं. नियमित धावणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. ढोबळ हिशेब असा: वाटीभर घट्ट वरण किंवा उसळीतून सहा-सात ग्रॅम, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून सात ग्रॅम, 30 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून साधारण 15 ग्रॅम आणि ज्वारीच्या एका भाकरीतून सुमारे पाच ग्रॅम. पातळ वरणात मात्र डाळ कमी आणि पाणी जास्त असतं, त्यावर हा हिशेब बसत नाही.

लोह: शिफारशीनुसार पुरुषांना रोज 19 आणि स्त्रियांना 29 मिलीग्रॅम लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे धावायला निघालेल्या अनेक जणी मुळातच कमी हिमोग्लोबिनवर निघालेल्या असू शकतात. वनस्पतींमधलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व ते शोषण वाढवतं, तर चहातले टॅनिन ते घटवतात. पोह्यांवर लिंबू पिळणं त्यामुळे फायद्याचं, पण पोह्यांसोबतचा चहा तासभर पुढे ढकललेला बरा. कडधान्यांना मोड आणले, तर लोह अडवून ठेवणाऱ्या फायटेट या घटकाचं प्रमाण कमी होतं.

बी-12: इथे वनस्पतींचा इलाज चालत नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते दूध, अंडी, मासे, मांस किंवा ते मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून मिळतं. स्पिरुलिनात ते असल्याचे दावे केले जातात, पण त्यातला बहुतांश भाग माणसाच्या शरीराला वापरता येत नाही. इडली किंवा आंबवलेल्या इतर पदार्थांवरही विसंबून चालत नाही. पूर्ण व्हिगन आहार घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-12 ची गोळी घ्यायलाच हवी. दूध-दही थोडंच खाणाऱ्यांनीही रक्ततपासणी करून घ्यावी. सतत थकवा, हातापायांना मुंग्या येणं, तोल जाणं ही कमतरतेची लक्षणं असू शकतात. दीर्घकाळ दुर्लक्ष झालं तर मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

कॅल्शियम: दूध बंद केलं असेल, तर नाचणी, न सोललेले तीळ, राजगिरा आणि कॅल्शियम घालून केलेलं टोफू यांचा उपयोग होतो. नाचणीची भाकरी किंवा आंबील आणि जेवणात तिळाची चटणी हा सोपा मार्ग आहे.

धावण्याआधी आणि नंतर काय खावं?

अर्ध्या तासापर्यंतच्या हळू धावण्याआधी पोटात काही नसलं तरी बहुतेकांना चालतं. भूक लागत असेल तर एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर पुरतात. तेलकट खाणं आणि एकाच वेळी भरपूर पाणी टाळावं. परतल्यावर तासाभरात नेहमीचा नाश्ता करावा, फक्त त्यात प्रथिनांची भर हवी. उदाहरणार्थ, शेंगदाणे आणि मटकी घातलेले पोहे, मुगाचं धिरडं, डाळींच्या पिठाचं थालीपीठ. उन्हाळ्यात घाम जास्त गेला असेल तर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत चालतं. त्यासाठी रंगीत स्पोर्ट्स ड्रिंक लागत नाही.

मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी धावण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

सोशल मीडियाची मदत होते की अडचण?

दोन्ही. धावून आल्यावर ॲपमधला नकाशा टाकला की मित्रांची शाबासकी मिळते आणि पुढच्या वेळी बाहेर पडायला बळ येतं. पण त्याच ॲपवर दुसऱ्याचा वेग दिसतो आणि नवखा माणूस पाच वर्षं धावणाऱ्याशी स्वतःची तुलना करू लागतो. 'आधी-नंतर'च्या फोटोंचंही तसंच. त्यात मधले महिने, फोटोचा कोन आणि उजेड दिसत नाही.

उपाय म्हणजे मोजायची गोष्ट बदलणं. वेग आणि वजन रोज आपल्या हातात नसतं, 'या आठवड्यात तीनदा बाहेर पडलो का' हे बऱ्याच अंशी असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली तरी पुरे. सोबतही कामी येते. मुंबईतलं शिवाजी पार्क, पुण्यातली तळजाई किंवा कोल्हापूरचा रंकाळा, सकाळी फिरणाऱ्या-धावणाऱ्यांची गर्दी बहुतेक शहरांत कुठे ना कुठे असतेच. खाली कुणी वाट पाहत असेल तर अंथरूण सोडणं सोपं जातं.

एखादी शर्यतही लक्ष्य म्हणून ठेवता येते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून, मुंबई मॅरेथॉन 2004 पासून आणि साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते आहे. पण पहिलं लक्ष्य जवळच्या पाच किंवा दहा किलोमीटरच्या धावेचं असावं. साताऱ्याचा घाट पहिल्या वर्षासाठी नाही.

खंड पडला तर?

पडणारच. पाऊस, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, ताप. एक दिवस चुकला तर पुढच्या ठरलेल्या दिवशी जावं, चुकलेलं अंतर भरून काढू नये. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला असेल, तर कार्यक्रमात दोन आठवडे मागे जाऊन सुरुवात करावी. ताप असताना धावू नये. आहाराचंही तसंच. लग्नात गुलाबजाम खाल्ला म्हणून आठवडा वाया गेला असं होत नाही, पुढचं जेवण नेहमीसारखं करावं.

काही वेळा मात्र थांबणंच योग्य. छातीत दुखणं, चक्कर येणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर धावणं थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, तर ते हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचं लक्षण असू शकतं. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हे अनेकदा खाणं कमी पडत असल्याचं लक्षण असतं, 'फिट' झाल्याचं नव्हे. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आणि रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

तिसऱ्या आठवड्यात गजर नकोसा वाटला तर?

स्वतःला आळशी ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. धावताना बोलता येतंय का? पुढच्या वेळी कधी आणि कुठून निघायचं हे ठरलेलं आहे का? काल पोटभर जेवण आणि पुरेशी झोप झाली होती का? एखाद्याचं उत्तर 'नाही' आलं, तर दुरुस्ती तिथूनच सुरू करावी. तिन्हींची उत्तरं 'हो' असूनही थकवा दोन-तीन आठवडे जात नसेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी-12 ची तपासणी करून घ्यावी. आणि ज्या दिवशी खरंच जावंसं वाटत नाही, त्या दिवशी बूट घालून फक्त दहा मिनिटं चालून यावं. त्या आठवड्याच्या तीन खुणांमध्ये तीही धरता येते.